मदत हवी आहे: 'पुट ऑफ'ला दुसरा शब्द सांगा, अर्जंट

घाईगडबड
'पुट ऑफ'ला दुसरा बरा शब्द सांगा ना कोणीतरी. पोस्टपोन माहितीये, तो नकोय, तो घातला की वाक्य विचित्रच वाटतंय. डिक्शनरी बघून झाली, तिथे एकाखाली एक इतके अर्थ दिलेत की कुठला उचलायचा तेच कळेना. तासाभरात मेल पाठवायचाय, प्लीज लवकर.

निवांत
डिले लिहून टाक. सोपा आहे, सगळ्यांना कळतो.

शब्दवेल्हाळ
नाही हो, डिले आणि पुट ऑफ एक नाही. धुक्यामुळे फ्लाइट डिले होते, ती कोणी पुट ऑफ करत नाही. पुट ऑफमध्ये कोणीतरी ठरवून पुढे ढकललेलं असतं आणि बरेचदा नकोसं काम म्हणून टाळलेलं असतं, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाणं आपण पुट ऑफ करतो तसं. आणि पुढे 'गोइंग' येतं, 'टू गो' नाही, हे भलेभले चुकतात. फॉर्मल मेल असेल तर 'डिफर' बघा. 'रीशेड्यूल' नवीन तारीख द्यायची असेल तेव्हा बरा.

निवांत
डिले मुद्दामही करतात की. 'दे डिलेड द लाँच' सर्रास म्हणतात लोक. उगाच कीस काढू नका, त्यांना घाई आहे.

पाठांतर_नको
माझं ऐका, एकेक शब्द असा विचारून काही होत नाही. 'पुट'ची एक वही घाला. पुट ऑन, पुट अवे, पुट अप विथ, प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहायचं आणि मोठ्याने म्हणायचं. याद्या पाठ करून फ्रेझल व्हर्ब कधीच तोंडात बसत नाहीत.

मधुरा_के
कॉल ऑफ चालेल का?

शब्दवेल्हाळ
अजिबात नको! कॉल ऑफ म्हणजे रद्द. मीटिंग कॉल ऑफ झाली म्हटलं की लोक ती कॅलेंडरमधून काढून टाकतील.

चष्मेबद्दूर
पोस्टपोनच्या उलट प्रीपोन ना? की तो शब्दच चुकीचा आहे? आमचे एक सर लिहू द्यायचे नाहीत.

निवांत
चूक कशाला, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतसुद्धा आहे, भारतीय इंग्रजी म्हणून दिलाय. पण परदेशी माणूस अडखळू शकतो, त्याला 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहावं. 'मूव्ह फॉरवर्ड' मात्र टाळा. बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली म्हटलं की काही जण सोमवार समजतात आणि काही शुक्रवार.

काकू_ऑनलाइन
अरे त्यांना आधी वाक्य तर विचारा! घाईगडबड, पूर्ण वाक्य टाका बघू. काय पुट ऑफ झालंय? मीटिंग, पेमेंट, की माणूस?

घाईगडबड
मीटिंग वगैरे काही नाहीच्चे, प्रीपोनचं इथे काय काम?? क्लायंटच्या मेलमधलं वाक्य आहे, ते मला टीमला माझ्या शब्दांत सांगायचंय: 'वी वेअर अ बिट पुट ऑफ बाय द टोन ऑफ द लास्ट रिमाइंडर.' रिमाइंडर आम्हीच पाठवलेला.

काकू_ऑनलाइन
मग वरचं सगळं सोडून द्या. काम पुट ऑफ होतं तेव्हा ते पुढे ढकललं जातं. माणूस एखाद्या गोष्टीमुळे पुट ऑफ होतो तेव्हा त्याचं मन उडतं, ती गोष्ट त्याला खटकते. तुमच्या रिमाइंडरचा सूर त्यांना खटकलाय. 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण यातूनच आलंय. गप्पांमध्ये 'टर्न्ड ऑफ' म्हणतात, पण ऑफिसच्या मेलमध्ये तो नको.

मधुरा_के
मग सरळ 'ऑफेंडेड' लिहा ना.

काकू_ऑनलाइन
तो फार जड होईल गं. ऑफेंडेड म्हणजे अपमान वाटला. हे तेवढं म्हणत नाहीयेत. 'अनकम्फर्टेबल विथ द टोन' लिहिलं तर वजन बरोबर बसतं.

शब्दवेल्हाळ
सहमत, फक्त 'अ बिट' आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. विशेषतः ब्रिटिश माणूस चांगला वैतागलेला असला तरी अ बिटच लिहितो. टीमला सांगताना सूर खटकला हे स्पष्ट येऊ द्या आणि पुढचा रिमाइंडर पाठवायच्या आधी कोणाला तरी वाचायला द्या.

घाईगडबड
ओके, असं लिहिलंय: 'द क्लायंट वॉज अनकम्फर्टेबल बाय द टोन ऑफ अवर रिमाइंडर.' पाठवू?

काकू_ऑनलाइन
थांबा, 'बाय' काढा. पुट ऑफ असेल तर बाय, अनकम्फर्टेबल असेल तर विथ.

घाईगडबड
केलं. पाठवला. थँक्यू काकू!

चष्मेबद्दूर
इथे 'पुट आउट' चाललं असतं का?

शब्दवेल्हाळ
अर्थाने जवळचं आहे, थोडं नाराज किंवा दुखावलेलं. पण आग विझवणंही पुट आउटच, त्यामुळे ज्यांनी हा अर्थ ऐकलेला नाही ते गोंधळतील. आणि 'डोन्ट पुट मी ऑफ' ऐकलंत तर तो तिसराच प्रकार, माझं लक्ष विचलित करू नकोस. कोणी नेम धरत असताना मागून बोललात की हेच ऐकायला मिळतं.