गच्चीवरच्या बटाट्याला पाला गुडघाभर, बटाटे सुपारीएवढे. आणि घरात टिकवायचे कसे?

रसिका_चिंचवड
नमस्कार. गच्चीवर १५ × १५ इंची काळ्या ग्रो बॅगा आहेत, ऊन दिवसभर असतं. मंडईतल्या बटाट्याचे कोंब आलेले तुकडे संक्रांतीच्या सुमारास लावले. दर आठवड्याला मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर युरिया. पाला जोरदार वाढला, पण एप्रिलच्या सुरुवातीला काढले तर खाली सगळी चिंगळी, वरची काही हिरवी. असं का होतं? दुसरं म्हणजे, विकतचे दहा किलो बटाटे कांद्याशेजारी टोपलीत ठेवले की महिन्याभरात कोंब धरतात. फ्रीजमध्ये ठेवावेत का?

मंचरी_बटाटा
ताई, मुख्य घोटाळा तारखेचा आहे. बटाटा धरायला रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंश लागतं. जमीन ३० अंशांच्या आसपास तापली की पोसणं जवळजवळ थांबतं, पाला मात्र वाढत राहतो. संक्रांतीला लावलेल्या बटाट्याची पोसायची वेळ मार्चमध्ये येते, त्यात काळी बॅग उन्हात आणखी तापते. पुण्याकडे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर ही लागवडीची वेळ. बॅगेला बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा पांढऱ्या बॅगा घ्या.

दुसरं कारण युरिया. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पाल्यातच रमतं. सुरुवातीला मातीत कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळली की नत्र पुरतं. दीड महिन्यानंतर ०:०:५० हे पालाशाचं (पोटॅशचं) विद्राव्य खत लिटरला ३ ग्रॅम घेऊन दोनदा आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता, दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. पालाश मिळावं म्हणून राख ओतू नका. मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि सालीवर खवल्यांचा रोग येतो.

बियाणं मंडईतलं नको. त्यात विषाणू असू शकतात आणि शीतगृहातल्या काही मालाला कोंब न येण्यासाठी औषध मारलेलं असतं. आमच्या मंचरच्या बाजारात पंजाबचं बियाणं येतं, तिथून चार किलो घेतलं तरी तुमची गच्ची भागेल. कुफरी पुखराज हे वाण ७५ ते ९० दिवसांत निघतं. रात्री गरम असतील तर कुफरी सूर्या बघा, ते वाण उष्णता सोसण्यासाठीच काढलेलं आहे.

गच्चीबाग_नाशिक
लावण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

तुकडा ३०–४० ग्रॅमचा, किमान दोन डोळे असलेला. कापल्यावर लगेच मातीत घालू नका. दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी पसरून काप सुकू द्या, नाहीतर ओल्या मातीत तुकडा कुजतो आणि वर काहीच उगवत नाही. ४० ग्रॅमच्या आतला बटाटा असेल तर न कापता अख्खा लावणं उत्तम. लावायच्या आधी दोन आठवडे मंद उजेडात ठेवले की जाड, आखूड, हिरवट कोंब येतात. अंधारातले लांब पांढरे कोंब लावताना मोडतात.

१५ इंची बॅगेत दोनच तुकडे. तळात सहा इंच मिश्रण (माती दोन भाग, खत एक, कोकोपीट एक), त्यावर तुकडे, वर दोन-अडीच इंच मिश्रण. झाड सहा-आठ इंच झालं की निम्मं खोड झाकेल इतकी मिश्रणाची भर द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा. भर मुख्यतः बटाटा उजेडात येऊ नये म्हणून. तुमचे वरचे बटाटे हिरवे झाले ते भर नसल्यामुळे. बॅग जितकी उंच भरावी तितके थरावर थर बटाटे लागतात, असं व्हिडिओत दाखवतात. लवकर निघणाऱ्या वाणांत तसं होत नाही, बटाटे तुकड्याच्या आसपासच धरतात. बॅगेमागे किलोभर निघाले तरी पीक चांगलं समजा.

पाणी कधी तुडुंब, कधी कोरडं असं झालं तर बटाटे तडकतात. बोट दोन इंच खाली घालून बघा, कोरडं लागलं की पाणी द्या. ढगाळ, दमट हवेत पानावर पाणचट काळे डाग दिसले तर तो करपा. मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम फवारा आणि डागाळलेली पानं बॅगेत पडू देऊ नका.

अंधारी_कोठी
साठवणुकीचं सांगते. फ्रीजमध्ये नको. सात-आठ अंशांच्या खाली बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. भाजी गोडसर लागते आणि तळलं की काप काळपट होतात. कांद्याजवळही नको: बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडतो. बांबूची टोपली किंवा जाळीची पिशवी घ्या, वर गोणपाट टाका आणि ओट्याखाली गॅसपासून लांब ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. आठवड्याला एकदा उपसून बघा, एक सडका शेजारच्या चारांना लावतो. उन्हाळ्यात दहा किलो भरूच नका, तीन-चार किलोच आणा.

घरचे बटाटे असतील तर काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी बंद करून पाला कापा. अंगठ्याने घासून साल सुटली नाही म्हणजे काढायला तयार. धुवू नका, दहा-बारा दिवस अंधारात एका थरात पसरून ठेवले की खरचटलेलं भरून येतं. उघड्यावर रात्रभर ठेवू नका, बटाट्यावरची पाकोळी (छोटा पतंग) डोळ्यांत अंडी घालते. डोळ्याशी काळा भुसा दिसला की आत अळी आहे, तो वेगळा काढा. थरांमध्ये घाणेरीचा किंवा निलगिरीचा सुकलेला पाला घातला तर पाकोळी कमी येते.

हिरवा झालेला बटाटा कडू लागतो, त्यातलं विष शिजवून जात नाही. थोडा हिरवा असेल तर जाड काप काढून टाका, बराच असेल तर अख्खा टाका. कोंब आलेला पण टणक बटाटा डोळे कोरून चालतो, सुरकुतलेला नाही.

रसिका_चिंचवड
खूप आभार. मंचरकडे खरिपातही बटाटा होतो ना, मग जूनमध्ये लावले तर? आणि घरचेच पुढच्या वर्षी बियाणं म्हणून ठेवता येतील?

मंचरी_बटाटा
खरिपाचा बटाटा सातगाव पठारावरचा. तिथे उंचीमुळे हवा थंड आणि पाण्याचा निचरा होतो. गच्चीवर जून-जुलैत रात्री २२ अंशांच्या वर असतात, वर संततधार. बॅगेत तुकडाच कुजेल.

बियाणं ठेवायचं तर फेब्रुवारी ते ऑक्टोबर आठ महिने काढावे लागतात. शेतकरी ते शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवतात. घरात मे महिन्यातच लांब कोंब येऊन बटाटा चिंबतो. दरवर्षी ताजं बियाणं घ्या, दसऱ्याच्या सुमारास चौकशी करा.