बोन्साय शिकायचंय, पहिलं झाड कोणतं घेऊ?

प्रश्न: तयार बोन्साय नको, साध्या रोपापासून स्वतः घडवायचंय. बाल्कनीत सकाळचं ऊन ४ तास येतं. कोणतं झाड घेऊ? फांद्यांना वळण द्यायला तार कधी बांधायची?

उत्तर: फायकस घ्या. वड, पिंपळ, उंबर याच कुळातले. छाटणी छान सोसतात, कापल्यावर लगेच फुटतात. रोप निवडताना पानांना भुलू नका. वरची माती बोटाने उकरून बुंध्याची जागा बघा. तिथून मुळं चहूबाजूंना पसरलेली दिसली, तर तेच रोप उचला. फांद्या पुढे वाढवता येतात, बुंध्याला वर्षं लागतात. आणि कळकळीने सांगते, उथळ कुंडीची घाई नको! खोड जाड व्हायला मोठ्या कुंडीत मोकळी वाढ लागते. उथळ कुंडीत गेल्यावर खोडाची वाढ फार मंदावते.

दुसरं उत्तर: तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या साधारण १/३ जाडीची घ्या. ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी गुंडाळा. झाड नवीन कुंडीत रुळून जोमाने फुटू लागलं की मगच बांधा. फायकस जोरात असताना काही आठवड्यांतच तार सालीत रुतते. रुतायला लागली की कापून काढा, उलगडत बसलात तर फांदी मोडेल.

प्रश्नकर्ता: पाणी रोज ठरलेल्या वेळी घालू का?

पहिलं उत्तर देणारी: घड्याळ बघून नाही, माती बघून. वरचा थर सुकू लागला की खालच्या भोकांतून निथळेपर्यंत घाला. माती मात्र भरड हवी, बारीक धूळ चाळून टाका. चिखलात मुळं कुजतात.