ए-बी विंग, फक्त कामाचे मेसेज

बिराजदार काका (ए-१०२): रात्री पावणेदोनला तो अमेरिका-इस्राएलचा व्हिडिओ कुणी टाकला? पोरगी पुण्याहून रात्रीच्या एसटीनं येत होती. वाटलं तिचाच मेसेज. दचकून उठलो.

श्रीनिवास (बी-३०४): सॉरी काका 🙏 मीच. पण बघाच. अमेरिका इस्राएलला वर्षाला ३.८ अब्ज डॉलर देते. बदल्यात तिला काय मिळतं?

देशमुख सर: अर्धवट माहिती नको. तो लष्करी मदतीचा करार ओबामांच्या काळातला, २०१६ चा. २०१९ ते २०२८, एकूण ३८ अब्ज. त्यातला बराचसा पैसा अमेरिकेतल्याच शस्त्र कारखान्यांत परत जातो.

श्रीनिवास: मग फायदा कारखानदारांचा झाला की सर. देशाचा कुठं? आणि ती एपॅक, तिथली इस्राएलच्या बाजूची लॉबी, काँग्रेसवाल्यांच्या निवडणुकीत पैसा ओतते.

पाटील आण्णा: काँग्रेसला मधे आणू नका. ग्रुपवर राजकारण नको ठरलंय.

सोनाली (ए-३०१): आण्णा, अमेरिकेची काँग्रेस. संसद हो 😂

जाधव वहिनी: पाणी आज आहे का उद्या?

सेक्रेटरी: उद्या पहाटे.

देशमुख सर: लॉबी म्हणेल ते होतं, हेही खोटं. १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगननी सौदीला अवॅक्स ही टेहळणीची विमानं द्यायचं ठरवलं. एपॅकनं जंग जंग पछाडलं, तरी सिनेटमध्ये ५२-४८ नं हरली. २०१५ चा इराणशी झालेला अणुकरारही त्यांना अडवता आला नाही.

श्रीनिवास: आणि २०१८ ला ट्रम्प त्यातनं बाहेर पडले, ते राहिलं का सर?

देशमुख सर: 🙏

बिराजदार काका: ७३ च्या लढाईत अमेरिकेनं इस्राएलला शस्त्रं पोचवली, अरबांनी तिचं तेल बंद केलं. तीन डॉलरचं पिंप बाराच्या घरात. मी सातवीत. रॉकेलच्या लायनीत आईनं आमच्या नंबरावर वीट ठेवलेली, ती कुणीतरी उचलून नेली. दोस्ती त्यांची, वीट आमची गेली.

पाटील आण्णा: ते लोक सगळीकडं असेच पैशावर.

सोनाली: आण्णा, 'ते लोक' नको. माझं माहेर अलिबागकडचं. आमच्या शेजारी बेने इस्राएल ज्यू होते, गावातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. घाणा चालवायचे, मराठीच बोलायचे. आणि अमेरिकेत इस्राएलच्या बाजूनं ख्रिश्चन संघटनाही जोरात आहेत.

इरफान भाई: बरोबर. लॉबी वेगळी, जात वेगळी. लॉबी तर आपल्या टँकरवाल्याची पण हाय की 😄 तीन वर्षं एकच टँकर.

सेक्रेटरी: हे कुणाला उद्देशून?

इरफान भाई: कुणाला नाही साहेब. जनरल.

सेक्रेटरी: मे महिन्यात बोअर आटली तेव्हा रात्री अकराला कोण आलं? तोच. दोनशे रुपये जास्त घेतो, पण येतो. कोटेशन आणा, बदलू.

श्रीनिवास: फायदा मेंबरांचा का कमिटीचा, एवढंच विचारतोय.

सेक्रेटरी: तुमचे दोन महिन्यांचे मेंटेनन्स बाकी आहेत.

श्रीनिवास: ऑगस्ट २०२५ ला ट्रम्पनी आपल्यावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हापासनं आमच्या टॉवेलच्या गाठी गोदामात पडल्या. तिथनं गाडं रुळावर आलं नाही. आपली तिकडं लॉबी असती तर? म्हणून रात्री असले व्हिडिओ बघत बसतो.

देशमुख सर: अरे, मग हे आधी सांगायचं. पण म्हणजे तुझा राग लॉबीवर नाही, आपली नाही यावर आहे.

श्रीनिवास: दोन्हीवर आहे सर.

बिराजदार काका: लेकरा, मेंटेनन्सचं मी बोलतो कमिटीत. ग्रुपवर काढायची गोष्ट नव्हती ती.

सेक्रेटरी: मी फक्त आठवण केली.

पाटील आण्णा: कारगिलला इस्राएलच मदतीला आलं होतं, लॉबी नसताना. विसरू नका. जय हिंद.

इरफान भाई: आण्णा, फुकट नव्हतं. विकत घेतलं आपण.

श्रीनिवास: वर्षाला ३.८ अब्ज. बदल्यात काय?

सोनाली: श्रीनिवास, झोप रे आता.

जाधव वहिनी: नळ आला. पहिल्या दोन बादल्या गढूळ आहेत, सोडून द्या.