मदत हवी आहे: व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नमस्कार मंडळी. दिवसभर ब्राउझर, एक्सेल, मेल, पीडीएफ असं सगळं एकदम उघडं असतं आणि खालच्या टास्कबारवर हवी ती खिडकी शोधण्यातच जीव जातो. म्हणून कामागणिक वेगळे व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून दिसणारे वेगवेगळे पडदे, करायचे ठरवलं आहे.

विंडोज १० पासून ही सोय आतच आहे. विंडोज-कंट्रोल-डी दाबलं की नवा डेस्कटॉप, विंडोज-कंट्रोलसोबत बाणाच्या कळांनी इकडून तिकडे. चांगलीच आहे, पण मशीन रीस्टार्ट केलं की प्रत्येक अ‍ॅप पुन्हा आपापल्या जागी नेऊन बसवावं लागतं. रोज सकाळी हे करायचा अगदी कंटाळा येतो!

सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या टूल्सच्या संचातलं 'डेस्कटॉप्स' पाहिलं. हलकंफुलकं आणि फुकट आहे, पण चारच डेस्कटॉप मिळतात आणि एकावरची खिडकी दुसऱ्यावर हलवता येत नाही. माझ्यासाठी तिथेच ते बाद.

अ‍ॅप उघडताच ठरलेल्या डेस्कटॉपवर जाईल, असा नियम लावता येणारं काही आहे का? व्हर्चुआविन किंवा डेक्सपॉट ही अशीच सॉफ्टवेअर विंडोज ११ वर कोणी रोज वापरतं का? दोन मॉनिटर जोडल्यावर कसं चालतं, तेही कृपया सांगा.