इक्वलायझर लावून हेडफोन कसा वाजतो, तेही लिहा

'खोक्यातून काढल्यावर जसा वाजतो तसाच हेडफोन तपासावा, इक्वलायझर मध्ये आणू नये' हे हेडफोन परीक्षणांबद्दलचं मत मला अर्धंच पटतं. (इक्वलायझर म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर हवे तसे कमीजास्त करणारी सोय.) आधी तसं ऐकाच, पण तिथे थांबू नका. कारण इक्वलायझर आता फुकट मिळतो, आणि फोनवरही चालतो.

आमच्याकडे ग्वाल्हेरला ख्याल ऐकणारी मंडळी पुष्कळ. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) तंबोऱ्यात खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झला बोलते. सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन गायकाचा गळा अप्रतिम उभा करतो, पण तिथून खाली त्याचा आवाज उतरत जातो. तो खालचा आवाज इक्वलायझरने ६ डेसिबलने उचलला की तिथे चौपट शक्ती लागते. मग हेडफोन ते पेलतो की आवाज फाटतो? परीक्षणात मला हेच वाचायचंय. कमी विकृतीचा, म्हणजे मूळ आवाज फारसा न बिघडवणारा, हेडफोन हे सोसतो, आणि तो गुण नुसत्या ऐकण्यात दिसतच नाही.

८ किलोहर्ट्झच्या वर मात्र दुसऱ्याची सेटिंग जशीच्या तशी उचलू नये. तिथे प्रत्येकाच्या कानाचा आकार आड येतो. आणि कानाला टोचणारी गादी कुठलाच इक्वलायझर सुधारत नाही, तेव्हा तेही स्पष्ट लिहा.