मदत हवी आहे: दुर्बिणीच्या ऑपरेशनचा क्लेम अडकलाय

नमस्कार मंडळी. आमच्या नानांच्या (वडील, रावेर) फुफ्फुसाभोवती पू झाला होता. नाशिकला दुर्बिणीतून ऑपरेशन सुरू केलं, पण आत फार चिकटलेलं निघालं म्हणून छाती उघडावी लागली. आता कॅशलेसच्या मंजुरीत ‘व्हॅट्स डेकॉर्टिकेशन’ (दुर्बिणीतून फुफ्फुसावरचा जाड थर काढणं), डिस्चार्ज कार्डावर ‘थोरॅकोटॉमी’ (छाती उघडून ऑपरेशन) आणि बिलात दोन्ही! टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) रक्कम अडवली, आम्हीच भरली. केळीचे सगळे पैसे त्यात गेले.

मधेच पद्धत बदलली तर एकच, उघडं ऑपरेशन धरतात ना? ओटी नोट्स (ऑपरेशनच्या नोंदी) लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, तसा अर्ज काल दिलाय. कार्ड दुरुस्त करून घ्यावं की सर्जनचं वेगळं पत्र पुरेल? जळगाव-धुळ्याकडच्या कुणी असा क्लेम सोडवला असेल तर कृपया सांगा. नाना रोज विचारतात.