ससक्वेहॅना नदीत ऑक्टोबर सरताना स्मॉलमाउथ बास शोधायचा कोठे? (छोट्या बोटीतून)

उथळपाणी

नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला, ससक्वेहॅना नदीवर मी १४ फुटी, सपाट बुडाच्या जॉन बोटीतून स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी गळ टाकतो. उन्हाळ्यात ही नदी जवळजवळ मैलभर रुंद, पुष्कळ ठिकाणी जेमतेम कमरेइतकी उथळ आणि आडव्या खडकांच्या रांगांनी भरलेली असते. तेव्हा मासा शोधण्यासाठी फार डोके चालवावे लागत नाही; खडकाच्या रांगेवरून पाणी जेथे खाली उतरते तेथे, किंवा बेटांच्या कडेने वाढलेल्या वॉटर विलो या पाणवनस्पतीच्या जुडग्यांपाशी लुअर (कृत्रिम आमिष) पडला की त्याची दखल घेतली जातेच. सप्टेंबरअखेरपर्यंत हे असेच चालले. आता ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आहे, सकाळचे पाणी ५१ अंश फॅरनहाइट आहे आणि त्याच जागा ओस पडल्या आहेत. एखाददुसरा वीतभर मासा लागतो, पण मोठ्यांचा पत्ता नाही.

थंडी पडली की मासा खोल पाण्यात जातो हे सगळेच सांगतात. परंतु जी नदी मुळातच खोल नाही तिच्यात तो जाणार तरी कोठे? शिवाय माझी बोट हलकी असल्यामुळे वारा आणि प्रवाह मिळून तिला इतक्या वेगाने खाली नेतात की लुअर तळाला टेकेपर्यंत ती जागा मागे पडलेली असते. तिसरी कटकट पानांची आहे : दर दुसऱ्या फेकीला मेपलचे किंवा सायकॅमोरचे पान गळाला अडकून येते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डोहकरी

आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि उरलेल्या दोहोंची उत्तरे बऱ्याच अंशी त्याच्यातूनच निघतात, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असल्यामुळे पाणी थंडावले की त्याचे पचन, हालचाल आणि भूक ही सर्वच मंदावतात. उन्हाळ्यात जोरदार ओढीच्या कडेला उभे राहून वाहत येणारे भक्ष्य टिपणे त्याला परवडते, कारण खर्च होणारी शक्ती खाण्यातून लगेच भरून निघते. पाणी पन्नाशीच्या आसपास आले की हा हिशेब उलटतो. म्हणून हॅरिसबर्गसारख्या ठिकाणी पंधरा फूट खोलीचा शोध घेत बसण्यापेक्षा ओढ कोठे मरते हे आधी पाहावे आणि तेथे आसपासच्या पाण्याहून तीन-चार फूट जास्त खोली मिळते का ते मग पाहावे. भोवती सगळीकडे तीन फूट पाणी असेल तर सात फुटांचा निवांत खड्डा हा त्या टापूतला डोहच होय. त्याच्या तळाशी मोठे धोंडे किंवा खडकाची तुटलेली कड असेल तर फारच उत्तम. नुसत्या गाळाच्या खड्ड्याला मी सहसा थांबत नाही.

अशा जागा ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन आपण ज्यांना कंटाळला आहात ती पानेच आहेत. एखाद्या शांत सकाळी बोट थोडी वर नेऊन नुसती सोडून द्या आणि पाण्यावरच्या पानांकडे पाहत राहा. मुख्य धारेतली पाने सरळ निघून जातात. बेटाच्या खालच्या टोकाशी, पुलाच्या खांबामागे किंवा रेल्वेच्या भरावाखाली टाकलेल्या दगडांच्या कडेला मात्र ती वेग सोडतात, एका जागी फिरू लागतात आणि काही तर संथपणे उलट्या दिशेने वर चढतात. वेगवान पाणी आणि हे मंद पाणी यांच्या मधली जी रेघ दिसते, तिच्या आतल्या बाजूला तळाशी मासा असण्याचा संभव सर्वांत अधिक. दिवस जसे थंड होत जातील तसा तो रेघेपासून आणखी आत सरकतो.

उन्हाळ्यातली जागा आणि हिवाळ्यातली जागा यांच्यात बरेच अंतर असू शकते, हेही लक्षात असू द्यावे. विस्कॉन्सिनमध्ये एम्बॅरस नदीतले स्मॉलमाउथ पाणी थंडावू लागताच कित्येक मैल खाली, वुल्फ या मोठ्या नदीत उतरतात आणि वसंतात परत वर येतात असे तेथील अभ्यासात आढळले आहे. प्रत्येक नदीत मासा इतका प्रवास करतोच असे नाही; जवळच चांगला डोह असेल तर तो एवढा खटाटोप करीत नाही. तरीही आपल्या आवडत्या खडकांच्या रांगेत मासा नसेल तर तेथेच लुअर बदलत राहू नये. त्या रांगेच्या खाली जो पहिला लांब, संथ पट्टा लागतो तो पूर्ण पिंजून काढावा. एक मासा लागला की तेथेच थांबावे, कारण या दिवसांत ते घोळक्याने असतात आणि पुढच्या शंभर यार्डांत कदाचित एकही नसतो.

वल्हेकरी

डोहकरी यांनी जागांविषयी लिहिलेले सर्व मान्य आहे, मात्र एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. ५१ अंश म्हणजे हिवाळा नव्हे. साठ ते पन्नास या पट्ट्यात स्मॉलमाउथ थंडीपूर्वीची बेगमी करीत असतो आणि वर्षातले सर्वांत जाडजूड मासे याच काळात लागतात. स्वच्छ आकाशाच्या रात्रीनंतर सकाळी पाणी नीचांकावर असते, पण दोन-तीन दिवस सलग ऊन पडले तर दुपारी तेच पाणी दोन-तीन अंशांनी चढते, आणि डोहात बसलेला मासा शेजारच्या उथळ, काळ्या खडकांवर येऊन खातो. म्हणून पहाटे उठण्याची उन्हाळी सवय आता सोडून द्यावी. अकरा ते चार ही वेळ धरावी आणि ज्या काठावर दुपारचे ऊन सरळ पडते तो काठ आधी घ्यावा. थंड वाऱ्याची लाट येऊन पाणी एका रात्रीत चार-पाच अंशांनी घसरले असेल, तर मात्र डोहकरी सांगतात तसे तळाशी आणि अगदी सावकाश.

लुअरचे म्हणाल तर माझ्या बोटीत या दिवसांत दोनच रॉड तयार असतात. एकाला पाण्यात जागच्या जागी तरंगत राहणारा, चार इंचांच्या आसपासचा जर्कबेट, म्हणजे झटके देऊन चालवायचा, माशासारखा दिसणारा लुअर. कोवळे मासे आता उन्हाळाभर वाढून नेमके त्या मापाचे झालेले असतात. त्याला दोन हलके झटके द्यायचे आणि थांबायचे. पन्नाशीच्या वर दोन-तीन सेकंद पुरतात, पंचेचाळिशीला दहा सेकंदही जास्त होत नाहीत. थांबलेल्या लुअरला मासा धडक देत नाही. रॉड पुन्हा हलवायला जावे तो दोऱ्याला नुसते जडपण जाणवते, जणू आणखी एक पान अडकले आहे, आणि मग ते पान डोके झटकते. दुसऱ्या रॉडला साडेतीन इंची ट्यूब (मऊ प्लास्टिकचा पोकळ लुअर), आत अष्टमांश किंवा पाव औंसाचे जिगहेड, म्हणजे वजन जोडलेला गळ. लहान शेवंडीसारखा दिसणारा क्रेफिश हे या माशाचे आवडते खाणे आहे आणि ट्यूब तळावरून सरकताना बरीचशी तशीच दिसते. वजन असे निवडावे की ती मधूनमधून खडकाला टकटक करील. सतत ओरखडत असेल तर वजन जास्त झाले, आणि एकदाही टेकत नसेल तर कमी. पाणी या दिवसांत काचेसारखे नितळ असते, म्हणून ब्रेडेड (विणलेल्या) दोऱ्याच्या पुढे सहा-आठ पौंडी, पाण्यात सहज न दिसणाऱ्या फ्लुरोकार्बनचा सात-आठ फूट तंगूस बांधावा आणि फेक लांब ठेवावी.

पानांवर पूर्ण उपाय नाही. पृष्ठभागावरची पाने टाळता येतात : लुअर पडताच रॉडचे टोक पाण्याजवळ खाली धरावे आणि दोरा पानांखाली जाऊ द्यावा. पाण्यात मध्यावर तरंगणाऱ्या, भिजलेल्या पानांपुढे तीन काट्यांचा जर्कबेट हतबल आहे. त्या दिवशी एकाच गळाचा, टोक प्लास्टिकमध्ये लपवलेला सॉफ्ट लुअर वापरावा. पाऊस पडून नदी चढत असेल आणि पाने, काटक्या, गढूळ पाणी असे सगळे एकदम येत असेल तर घरी बसावे हे माझे प्रामाणिक मत आहे.

आता बोट. तुमचा लुअर टेकत नाही याचे कारण लुअरच्या वजनापेक्षा बोटीच्या वेगात आहे. बोट प्रवाहाहून हळू उतरली पाहिजे. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी छोटी विजेची मोटर) वरच्या दिशेला रोखून अधूनमधून जोर द्यावा. मोटर नसेल तर बोटीतल्या एकाने वल्ही सांभाळावी आणि दुसऱ्याने गळ टाकावा, मग आळीपाळीने जागा बदलाव्यात. एकट्याने जाणाऱ्यांपैकी काही जण साखळी ओढत नेतात.

काठावरचा

मासेमारीपेक्षा थोडे वेगळे, पण सांगणे आवश्यक वाटते. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात १६ फुटांहून लहान बोटीत, तसेच कोणत्याही कनू किंवा कयाकमध्ये, लाइफ जॅकेट अंगात घातलेले असणे कायद्याने बंधनकारक आहे. बोट चालू असो वा नांगरलेली असो. आपली बोट १४ फुटांची आहे. बाकाखाली ठेवलेले जॅकेट चालणार नाही.

हा नियम कागदी नव्हे. पन्नास अंशांच्या पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. श्वास ताब्यात आला तरी बोटांना आणि दंडांना उपयोगाची ताकद साधारण दहा मिनिटेच राहते, त्यामुळे उलटलेल्या बोटीवर चढायचे असेल ते त्या दहा मिनिटांत. फोन बोटीच्या डब्यात न ठेवता जलरोधक पिशवीत घालून अंगावर बाळगावा आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत असावा.

हॅरिसबर्गच्या खालच्या बाजूला उतरणार असाल तर डॉक स्ट्रीट धरणाची जागा नकाशावर पाहून ठेवा. वरून येताना ते बुटके धरण जवळजवळ दिसत नाही, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरत राहते आणि पडलेल्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. तेथे अनेकांचे जीव गेले आहेत. धोक्याच्या फलकांच्या पुढे वरून किंवा खालून, कोणत्याही बाजूने जाऊ नये.

आणखी एक. सनबरीपासून होल्टवुड धरणापर्यंतच्या ससक्वेहॅनात बास पकडून तत्काळ सोडण्याचा नियम आहे. २००५ पासून या नदीत लहान स्मॉलमाउथ रोगाने मोठ्या प्रमाणावर मेले, त्या पार्श्वभूमीवर तो आला. राज्याच्या फिश अँड बोट कमिशनची चालू वर्षाची नियमपुस्तिका जाण्यापूर्वी अवश्य चाळावी. गोठणाऱ्या हवेत माशाचे कल्ले उघडे राहिले तर त्यांना इजा होते, म्हणून फोटो काढायचाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवून मासा शेवटच्या क्षणी पाण्याबाहेर घ्यावा.

उथळपाणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दुपारी पानांच्या मागोमाग एका बेटाच्या खालच्या टोकाशी गेलो. पाणी सहा-साडेसहा फूट असावे. ट्यूबवर सतरा इंची मासा लागला आणि त्याच जागी आणखी काही लागले, पण वाऱ्यामुळे प्रत्येक फेरीनंतर मोटर सुरू करून वर यावे लागत होते. वल्हेकरी, आपण साखळीचा उल्लेख केलात. मी एकटाच असतो, तेव्हा ती कशी बांधावी आणि नांगर टाकण्यापेक्षा ती बरी का, हे कृपया सांगावे.

वल्हेकरी

संथ डोहात नांगर चांगला, कारण मासा एका जागी आहे हे माहीत असते. तो नेहमी बोटीच्या पुढच्या टोकाला बांधावा आणि टाकण्यापूर्वी बोटीचे तोंड वरच्या बाजूला, प्रवाहासमोर वळवून घ्यावे. बाजूला बांधलेल्या नांगराने ओढीत बोट आडवी होते, एक कड खाली दबते आणि सपाट बुडाच्या बोटीत पाणी शिरायला काही क्षण पुरतात.

साखळी ही लांब पट्टा उतरत उतरत धुंडाळण्यासाठी. जाड कड्यांची तीन-चार फूट साखळी सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये घालावी, म्हणजे खडकांवर तिचा खणखणाट होत नाही, आणि ती सात-आठ फुटांच्या दोरीने ओढत न्यावी. दोरीला गाठ मारून ठेवू नये. एका झटक्यात सुटेल असा फास घालावा, आणि तरीही हाताशी उघडी सुरी असावी. साखळी खडकाच्या फटीत अडकली आणि वरून पाण्याचा जोर आला तर विचार करायला वेळ मिळत नाही. खळाळत्या पाण्यात शिरण्यापूर्वी ती वर ओढून घ्यावी. तळावरचे जीव तिने खरवडले जातात म्हणून काहींना हा प्रकार पसंत नाही आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जेथे गवत किंवा शिंपले दिसतात तेथे मीही ती वापरत नाही. तुम्ही सांगितलेल्या बेटाच्या टोकाशी मात्र साखळीची गरज दिसत नाही. वरच्या बाजूने वीस यार्ड अलीकडे नांगर टाकून दोर हळूहळू सोडत जावा, म्हणजे मोटर न लावता तो सगळा खड्डा फेकीच्या टप्प्यात येईल.